लेकरू गेल्यावर काय करायचं, आणि कशाची घाई करायची नाही

घरातलं लहान मूल गेलं की दोन-तीन दिवसांतच आजूबाजूच्या सगळ्यांना एक घाई सुटते. कपडे उचला, खोली आवरा, हिला जरा कुठेतरी हवापालटाला न्या, ह्याला ऑफिसला पाठवा म्हणजे मन रमेल, वर्षभरात दुसरं होऊ द्या. हेतू कुणाचा वाईट नसतो, त्यांना आपलं बघवत नसतं एवढंच. पण आमचा मुलगा गेला त्याला आता नऊ वर्षं झाली, साडेचार वर्षांचा होता, आणि या नऊ वर्षांत मला ज्या ज्या गोष्टींचा पस्तावा झाला त्या जवळजवळ सगळ्या घाईत झालेल्या आहेत. हळू केलेल्या एकाही गोष्टीचा झालेला नाही. मी डॉक्टर नाही, समुपदेशक पण नाही, आई आहे. तेव्हा कुणीतरी हे असं सरळ सांगायला हवं होतं असं वाटतं म्हणून लिहितेय, एका दमात वाचून नाही झालं तरी चालेल, अर्धं आज वाचा, अर्धं कधीतरी.

पहिले काही दिवस

या दिवसांत फक्त पाणी, दोन घास आणि जमेल तेवढं आडवं पडणं. बस. झोप लागली नाही तरी पडून राहा. डोकं चालणार नाही हे धरूनच चाला, मी गॅस बंद केलाय का हे पाच-पाच वेळा बघायचे आणि तरी आठवायचं नाही, एकदा स्वतःचाच फोन नंबर आठवेना. वेड लागतंय की काय असं वाटतं, तसं नसतं. हात दुखतात, खरंच दुखतात, कडेवर घ्यायची सवय असलेले हात असतात ते. बाहेरच्या खोलीतून हाक आल्यासारखी वाटते, गर्दीत पाठमोरं कुणीतरी तस्संच दिसतं. हे पुष्कळ आईबापांना होतं, फक्त कुणी बोलत नाही.

एक गोष्ट मात्र अंगावर काढायची नाही. छातीत दुखलं, धाप लागली तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरकडे जा. मोठ्या धक्क्यानंतर कधीकधी हृदयाचा स्नायू तात्पुरता कमजोर होतो, ताकोत्सुबो म्हणतात त्याला, १९९० मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा लिहून ठेवला हा प्रकार. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात आणि घरबसल्या दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येत नाही. झोपेची गोळी दुसऱ्या कुणाची घेऊ नका, स्वतःच्या डॉक्टरला विचारून घ्या. आणि दारूचं काय ते तुम्हाला माहितीच आहे, रात्र निघते पण दुसरा दिवस दुप्पट जड जातो.

बाळ अगदी तान्हं असेल किंवा पोटातच गेलं असेल तर अजून एक गोष्ट आहे जी कुणी आधी सांगतच नाही. दूध येतं. बाळ नसतं आणि तीन-चार दिवसांत छाती भरून येते, आणि तेव्हा जे होतं त्याला माझ्याकडे शब्द नाहीत, माझ्या एका मैत्रिणीचं मी जवळून पाहिलंय. घट्ट पण न काचणारी ब्रा, गार पाण्याच्या घड्या, फारच ठणकलं तर आराम पडेल इतपतच थोडं काढायचं, पूर्ण रिकामं करायचं नाही कारण मग अजून येतं. दूध थांबवायची औषधं असतात पण ती सगळ्यांना चालत नाहीत, म्हणून डॉक्टरला स्वतःहून विचारा. ताप आला किंवा एखादी जागा लाल होऊन तापली तर त्याच दिवशी दाखवा.

कामं दुसऱ्याला द्या, पण निर्णय देऊ नका

जवळचं एक माणूस पकडा, ज्याचं डोकं त्या वेळी ठिकाणावर आहे असं. त्याला सांगा की कागदपत्रं, दाखला, शाळेला कळवणं, लोकांचे फोन घेणं हे सगळं तुझं. आणि एक काम खास करून सांगा, जे आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच आलं नाही: मुलाच्या नावाने येणारे मेसेज बंद करायचे. लसीची आठवण, डेंटिस्टची अपॉइंटमेंट, शाळेच्या ग्रुपवरचं गॅदरिंग, खेळण्यांच्या ॲपवरचं "वाढदिवस जवळ आलाय". मला बूस्टर डोसचा मेसेज अडीच महिन्यांनी आला, मी भाजीबिजी घेऊन जिना चढत होते, तिथेच पायरीवर बसले ते अर्धा तास. फोनमधलं "दोन वर्षांपूर्वी आजच्या दिवशी" वालं फीचर पण बंद करून घ्या. नंतर हवं तर चालू करता येतं. मी चौथ्या वर्षी केलं आणि आता रोज वाट बघते त्याची.

त्याच माणसाकडून फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज यांची दोन ठिकाणी कॉपी करून घ्या, आत्ताच, ही एकच गोष्ट आहे ज्यात घाई करायची. बघायचं नाही, ऐकायचं नाही, फक्त साठवून ठेवायचं. आजीच्या फोनमध्ये, शेजारच्यांच्या फोनमध्ये, शाळेतल्या बाईंकडे तुम्ही कधी न पाहिलेले फोटो असतात, ते मागून घ्या, लोकं आनंदाने देतात, उलट त्यांना काहीतरी करायला मिळाल्यासारखं वाटतं.

पण वस्तूंचा निर्णय कुणालाही घेऊ देऊ नका. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी एका नातेवाईक बाईंनी चादर आणि उशीचा अभ्रा धुवून टाकला, चांगल्या मनाने, घर आवरायचं म्हणून. त्या अभ्र्याला त्याच्या केसांचा वास होता. वास गेला तो गेला, तो काही परत येत नाही, आणि त्या बाईंना मी हे आजवर बोललेले नाही कारण त्यांची काय चूक. म्हणून सांगते, न धुतलेला एखादा शर्ट, अभ्रा, टोपी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करून ठेवा. बाकी खोलीला कुलूप लावलंत तरी चालेल. वर्षभर हात लावला नाहीत तरी काही बिघडत नाही, आठव्या दिवशी सगळं वाटून टाकावंसं वाटलं तर मात्र जरा थांबा आणि ते खोक्यात भरून दुसऱ्याच्या घरी ठेवा, देऊन टाकू नका. दोघांपैकी एकाला वस्तू समोर हव्या असतात आणि दुसऱ्याला नजरेआड, असं हमखास होतं. आमच्याकडे तडजोड म्हणून एक कपाट त्याचं झालं. सोफ्याखाली सापडलेला त्याचा एक सँडल, बक्कलमध्ये वाळू अडकलेला, तो अजून तिथेच आहे, जोडीचा दुसरा कधी मिळालाच नाही.

तुम्ही दोघं

लोकं म्हणतात दुःखाने माणसं जवळ येतात. येत असतील. आमच्यात पहिले सहा महिने एकाच घरात दोन परके राहत होते. मी रडायचे, बोलायचे, तेच तेच, हॉस्पिटलातली ती रात्र पुन्हा पुन्हा. नवरा उठायचा आणि नळाचा वॉशर बदलायचा, गॅलरीची जाळी दुरुस्त करायचा, घरातलं जे जे मोडकं होतं ते सगळं त्याने त्या सहा महिन्यांत नीट केलं. मला वाटायचं याला काहीच वाटत नाहीये. त्याला वाटायचं ही मुद्दाम जखम उघडी ठेवतेय.

पुढे एका समुपदेशक बाईंनी आम्हाला जे समजावलं ते खूप कामाचं निघालं. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेलं आहे ते, की दुःखातलं माणूस दोन बाजूंमध्ये येरझाऱ्या घालत असतं. एका बाजूला गेलेल्या माणसाची ओढ, रडणं, आठवणी. दुसऱ्या बाजूला बिलं भरणं, ऑफिस, नवीन घडी बसवणं, थोडा वेळ विसरणं सुद्धा. दोन्ही लागतं. आणि येरझाऱ्या हेच खरं काम आहे, एकाच बाजूला अडकून पडलं की त्रास होतो. नवराबायकोच्या येरझाऱ्या एकाच वेळी एकाच बाजूला असतील असं मात्र काही नसतं, तो तिकडे असताना मी इकडे. हे कळल्यावर निदान संशय गेला.

मग आम्ही एक नियम केला: रोज रात्री पंधरा मिनिटं, त्यात मुलाबद्दल बोलायचं, आणि घड्याळ लावून थांबायचं. मला माहिती असायचं की वेळ मिळणार आहे, त्याला माहिती असायचं की हे संपणार आहे. ऐकायला विचित्र वाटतं पण करून बघा. दुसरा नियम, कुणी कुणाला "तू असं केलं असतंस तर" म्हणायचं नाही, रागात पण नाही, कारण ते वाक्य एकदा बाहेर पडलं की परत घेता येत नाही. शारीरिक जवळिकीचं पण तसंच, एकाला तेवढाच आधार वाटतो आणि दुसऱ्याला त्या विचारानेच अपराधी वाटतं. दोन्ही चूक नाही. स्पष्ट बोला, रुसू नका.

आणि "मूल गेलं की बहुतेक लग्नं मोडतात" हे जे सगळीकडे ऐकू येतं ना, ८०-९० टक्के वगैरे, त्या आकड्याला कसलाही आधार नाही. ताण येतो, प्रचंड येतो. पण मोडतंच असं नाही, उगाच त्या भीतीत राहू नका.

अपराधीपणा

याच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं कारण दुःखापेक्षा यानेच मला जास्त खाल्लं. ताप आला तेव्हा त्याच दिवशी नेलं असतं तर. त्या दिवशी सुट्टी घेतली असती तर. आजारपण असो, अपघात असो, झोपेत अचानक गेलेलं बाळ असो, आईबापाचं डोकं पुरावे गोळा करत बसतं आणि आरोपी आधीच ठरलेला असतो. "तुझी काही चूक नाही" असं शंभर लोकांनी सांगून उपयोग होत नाही, कारण त्यांना सगळं माहिती कुठे असतं.

उपयोग झाला तो हा. मी सगळे प्रश्न वहीत लिहून काढले, अगदी मूर्खपणाचे वाटणारे सुद्धा, अकरा निघाले. आणि साधारण दोन महिन्यांनी ज्या डॉक्टरांनी त्याच्यावर उपचार केले त्यांची वेळ मागितली, पेशंट म्हणून नाही, फक्त बोलायला. रिपोर्ट सोबत नेले. एकेक प्रश्न वाचून दाखवला. त्यांनी नऊ प्रश्नांना सरळ उत्तर दिलं, दोघांना "आम्हालाही कळलं नाही" म्हणाले. त्या "कळलं नाही" नेच मला जास्त शांत वाटलं, सांगून खोटं वाटेल. लगेच जाऊ नका, पहिल्या दिवसांत ऐकलेलं डोक्यात राहत नाही, आणि एकटं जाऊ नका, कुणीतरी लिहून घेणारं हवं. खरंच कुणाचा हलगर्जीपणा झालेला असेल तर त्याची तक्रार वेगळी, ती जरूर करा, पण ती आणि शोक यांची गल्लत झाली की निकाल लागेपर्यंत रडायचं राहून जातं.

अजून एक अपराधीपणा असतो, पहिल्यांदा हसू येतं तेव्हाचा. माझं पाचव्या आठवड्यात झालं, टीव्हीवरच्या कुठल्यातरी फालतू जोकवर. हसले आणि बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्याच थोबाडीत मारली. आज ते आठवून स्वतःची कीव येते.

घरातली बाकीची मुलं

मोठी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. मुलांशी खरं बोला, लहान वाक्यात. "तो मेला. मेला म्हणजे त्याचं शरीर बंद पडलं, आता त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि तो परत येणार नाही." कठोर वाटतं लिहिताना पण "झोपलाय", "लांब गेलाय" असं सांगितलं की मुलं झोपायला घाबरतात किंवा दाराकडे बघत बसतात. साधारण पाच वर्षांखालच्या मुलांना मरण कायमचं असतं हेच कळत नाही, त्यामुळे तोच प्रश्न वीस वेळा येईल, विसाव्यांदाही तेच उत्तर द्या. मुलं पाच मिनिटं रडतात आणि मग खेळायला जातात, ते असंच असतं, त्यांना दुःख झालेलं नाही असं समजू नका.

आणि हे नक्की सांगा, न विचारता सांगा: "तू त्याच्याशी भांडलीस म्हणून हे झालं नाही." आमची चार महिने बोलली नाही यावर, मग एका रात्री अंथरुणात विचारलं, मी त्याला एकदा जा म्हणाले होते म्हणून गेला का. चार महिने ते पोरगं हे घेऊन शाळेत जात होतं.

लोकं

लोकं बोलतात. "देवाला आवडला", "तुम्हाला अजून एक आहे ना", "तरुण आहात". उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर आधी ठरवून ठेवा, कारण तो लग्नात, ट्रेनमध्ये, नवीन ऑफिसमध्ये कुठेही येतो: मुलं किती तुम्हाला? मी दोन उत्तरं ठेवलीत. ज्यांना परत भेटायचं नाही त्यांना घरात असतात तेवढी सांगते, ज्यांना भेटायचंय त्यांना खरी संख्या. पहिलं उत्तर दिलं की मुलाशी बेइमानी केली असं वाटायचं, आता नाही वाटत, तो काही अनोळखी बाईला दिलेल्या उत्तरात राहत नाही.

तुम्ही जवळचे असाल तर "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कुणी सांगत नाही. "गुरुवारी संध्याकाळी मोठीला मी बागेत नेते" असं म्हणा. मुलाचं नाव घ्या. आईबाप त्याला विसरलेले नसतात, तुमच्या तोंडून नाव आल्याने काही नव्याने आठवत नाही. आणि तीन महिन्यांनी या, तेव्हा घर रिकामं झालेलं असतं.

वाढदिवस, तारखा वगैरे

तारखेपेक्षा तारखेच्या आधीचे पंधरा दिवस वाईट असतात. म्हणून त्या दिवसाचं काहीतरी ठरवा, अगदी लहानसं, आणि पाहुण्यांना सांगू नका. आम्ही त्याच्या वाढदिवसाला बीचवर जातो आणि काही बोलत नाही. एका वर्षी गेलो नाही, सिनेमा बघितला, तेही ठीक होतं. ज्या तारखा कॅलेंडरमध्ये नसतात त्या जास्त फसवतात, त्याच्या वर्गातली मुलं पहिलीत गेली तो दिवस, त्याच्याच वयाच्या शेजारच्या मुलाचा पहिला दात पडला तो दिवस.

मदत कधी घ्यायची

शोकाच्या त्या पाच पायऱ्या असतात ना, नकार, राग वगैरे, त्या क्रमाने येत नाहीत म्हणून घाबरू नका. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंट्सशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी ते वेळापत्रक नव्हतंच.

"त्याच्याकडे जावंसं वाटतं" असं पुष्कळ आईबापांना वाटतं. पण कसं, कधी, कशाने याचा विचार सुरू झाला तर तो त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, रात्रीचे तीन वाजले असले तरी उठवा, एकटं थांबू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. जोडीदारात हे दिसलं तर तोंड उघडून विचारा, विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही.

हे नसेल पण एका वर्षानंतरही जवळजवळ रोज पहिल्या आठवड्यासारखीच ओढ असेल, घराबाहेर पडणं, बाकीच्या मुलांकडे बघणं जमतच नसेल, तर त्याला आता नाव आहे आणि उपचारही आहेत. लांबलेला शोक. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमध्ये २०२२ मध्ये तो आला, तिथे मोठ्या माणसांसाठी किमान १२ महिने धरलेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान ६. याचा अर्थ बारा महिन्यांत बरं व्हायचं असा नाही हं, तेराव्या महिन्यात रडू आलं म्हणून कुणी आजारी होत नाही. मदत मागायला तोपर्यंत थांबायची पण गरज नाही. शोकावर काम केलेला समुपदेशक शोधा, पहिला पटला नाही तर दुसरा, आमचा तिसरा पटला.

आणि मूल गेलेले दुसरे आईबाप शोधा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत एका हॉस्पिटलच्या पाद्र्याच्या लक्षात आलं की मुलगा गेलेली दोन जोडपी एकमेकांना जो धीर देतायत तो त्याला स्वतःला देता येत नाहीये, त्यातून १९६९ मध्ये कम्पॅशनेट फ्रेंड्स ही संस्था उभी राहिली. आम्हाला असं एकच जोडपं भेटलं, महिन्यातून एकदा बसायचो, कधीकधी नुसतं क्रिकेट बघायचो.

पुढचं मूल

व्हावं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण रिकामी जागा भरायला म्हणून नको, त्या बाळावर अन्याय होतो. आम्ही अडीच वर्षं थांबलो. धाकटी झाली तेव्हा पहिले सहा महिने मी रात्रभर तिचा श्वास मोजत होते, आनंद वगैरे नंतर आला.

आमच्या आतल्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. त्याची शेवटची एकशे चार सेंटीमीटरवर. घर रंगवलं तेव्हा रंगाऱ्याला ती पट्टी सोडायला सांगितली होती, त्याने का म्हणून विचारलं नाही. गेल्या वर्षी धाकटी तिथे उभी राहिली, मोठीने डोक्यावर पुस्तक धरून रेघ मारली, एकशे पाच. धाकटीने वळून दोन्ही रेघा बघितल्या आणि म्हणाली, "म्हणजे आता मी दादापेक्षा उंच?" नवरा आत काहीतरी ठोकत होता, त्याचा आवाज थांबला. मी हो म्हटलं. मग तिने पेन्सिल मागितली आणि त्याच्या रेघेपुढे त्याचं नाव लिहिलं, तिला नुकतंच लिहायला यायला लागलं होतं, त्यात एक वेलांटी उलटी पडलीय. ती तशीच ठेवलीय.